न झालेलं भाषण

डॉक्टरबाईंनी अर्ज केला तो मेट्रनने चिडवलं म्हणून.

दुपार होती. कॅज्युअल्टीत कधी नव्हे ती शांतता होती आणि मेट्रन पाय लांब करून वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. बातमी मोठी होती. देश लहान, त्याच्याकडे ना यान ना ते उडवायची जागा. पण शेजारच्या मोठ्या देशाने मैत्रीखातर आपल्या यानातली तिसरी खुर्ची देऊ केली होती. वैमानिक, शास्त्रज्ञ, इंजिनिअर, डॉक्टर, कुणीही अर्ज करावा असं छापून आलं होतं.

"बाई, तुम्ही करा की अर्ज," मेट्रन म्हणाल्या. "तेवढाच आठवडाभर कुणी तुम्हाला 'डॉक्टर, जरा इकडे या' म्हणून हाक मारणार नाही."

बाई हसल्या. संध्याकाळी घरी जाताना मात्र त्यांना जाणवलं, की ती गोष्ट डोक्यातून जात नाहीये. त्या चाळिशी ओलांडलेल्या होत्या. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, मुलगी चिऊ आठवीत होती, आणि आई गेल्यापासून वडील त्यांच्याकडेच राहत होते. अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं लांब पल्ल्याच्या बस चालवण्यात घालवली होती. निवृत्त झाले तरी जेवायला बसताना ते अजून खुर्ची एका झटक्यात पुढे ओढून घेत, जणू पुढे स्टिअरिंगच आहे.

बाईंनी जेवताना विषय काढला. चिऊ आनंदाने ओरडलीच. नवऱ्याने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाला, "कर. घेणार तर नाहीतच. पण 'केला असता तर' असं आयुष्यभर ऐकायला लागण्यापेक्षा बरं."

"आणि घेतलं तर?" अण्णांनी विचारलं.

"घेतलं तर बघू," नवरा म्हणाला. हसण्यावारी गेलेली गोष्ट अशी सुरू झाली.

आणि घेतलं. सगळ्यांना वाटत होतं वायुदलाचा एखादा उमदा वैमानिक जाणार. वैमानिक होतेही बरेच. गरगर फिरवणाऱ्या यंत्रात त्यांनी बाईंपेक्षा जास्त दम धरला. पण खिडकी नसलेल्या बंद खोलीत एकेकट्याला काही दिवस ठेवलं, मध्येच दिवे घालवले, मध्येच घंटा वाजवल्या, तेव्हा भलेभले चिडचिडे झाले. बाई मात्र घंटा वाजली की उठायच्या, दिलेलं काम करायच्या आणि भिंतीला पाठ लावून पुन्हा झोपून जायच्या. निवड समितीच्या प्रमुखांनी विचारलं, "तुम्हाला याचा त्रास कसा झाला नाही?"

"साहेब, ही आमची रोजची ड्यूटी," त्या म्हणाल्या. "फक्त इथे रुग्णाचे नातेवाईक नव्हते."

प्रशिक्षण परदेशात होतं आणि वर्षाहून जास्त चाललं. भाषा शिकण्यातच पहिले महिने गेले. यानात तिघं असणार होती. त्यातला इंजिनिअर तरुण होता, कायम काहीतरी गुणगुणणारा. आणि कप्तान. कप्तान पन्नाशी पार केलेला, याआधी दोनदा जाऊन आलेला, केस बारीक कापलेला आणि बोलण्यात त्याहून आखूड माणूस. तो बाईंना नावाने हाक मारत नसे, 'पाहुण्या' म्हणे.

"पाहुण्या, त्या बटणाला हात लावायचा नाही."

"पाहुण्या, तुम्ही खिडकीजवळ बसा. फोटो चांगले येतील."

बाईंना राग यायचा, पण त्यात तथ्य होतं हेही कळत होतं. त्या पाहुण्याच होत्या. त्यांच्या ताब्यात एकच वस्तू दिली होती, औषधांची पेटी. ती त्यांनी इतक्या वेळा उघडून लावली, की डोळे बांधले तरी कुठली सुई कुठल्या कप्प्यात आहे ते त्यांच्या बोटांना सांगता आलं असतं. कप्तान एकदा ते बघून म्हणाला, "तिचा काही उपयोग होत नाही हो. वर जाणारे सगळे ठणठणीत असतात."

"ठणठणीत माणसंच आमच्याकडे येतात," बाई म्हणाल्या. "आदल्या दिवसापर्यंत ठणठणीत असलेली."

कप्तान हसला नाही. इंजिनिअरने मात्र हसू लपवायला तोंड फिरवलं.

घरी दर आठवड्याला फोन व्हायचा. देशाने बाईंना डोक्यावर घेतलं होतं. नवऱ्याच्या दुकानात चष्म्याचं काम नसलेली माणसंही येऊन बसायला लागली होती. अण्णा तर बसस्टँडवर रोज फेरी मारत. "ड्रायव्हरची मुलगी," ते मुद्दाम सांगत. "तिकडे तिला चालवायला देणार नाहीत, ते सोडा. पण बसलीये पुढेच."

सगळा कार्यक्रम मिनिटामिनिटाने ठरला होता, आणि त्यात सर्वात मोठी गोष्ट होती उड्डाणानंतर तिसऱ्या दिवशीचं भाषण. यान देशाच्या माथ्यावरून जाणार, राष्ट्राध्यक्ष क्रीडांगणातल्या मोठ्या पडद्यासमोर उभे राहणार, कप्तान दोन शब्द बोलून बाईंची ओळख करून देणार आणि मग बाई देशाशी बोलणार. भाषण मंत्रालयातून लिहून आलं होतं. त्यात 'गौरवशाली' हा शब्द इतक्या वेळा होता, की बाईंनी तो एकदाच ठेवला आणि उरलेल्या जागेत कॅज्युअल्टीतल्या नर्सना, आयांना आणि रात्रपाळीच्या वॉर्डबॉयना नमस्कार सांगितला.

उड्डाण व्यवस्थित झालं. छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं, मग ते उठून गेलं, आणि बाईंच्या हातातली पेन्सिल हळूच सुटून डोळ्यांसमोर उभी राहिली. पहिल्या दिवशी तिघांचीही पोटं ढवळली. बाईंना एकदा उलटी झाली आणि त्या मोकळ्या झाल्या. कप्तानची मळमळ मात्र थांबेना. दोनदा जाऊन आलेल्या माणसाला तिसऱ्यांदा एवढा त्रास व्हावा याचीच त्याला जास्त लाज वाटत होती. त्याने मळमळ थांबवायचं इंजेक्शन मागून घेतलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा घेतलं, आणि कामाला लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळपासून बाईंचं त्याच्याकडे लक्ष होतं. त्याने पाण्याची पिशवी तोंडाला लावली आणि तशीच परत ठेवली. एका हाताने तो सारखा भिंतीची दांडी धरून राहत होता, जिथे धरायची काही गरज नव्हती तिथेही. इंजिनिअरवर दोनदा खेकसला. कपाळावर घाम होता. वर घाम ओघळत नाही, चिकटून बसतो. कप्तानच्या कपाळावर त्याचा एक जाडसर थर दिसत होता.

इंजिनिअर जोडलेला कॅमेरा तपासून घेत होता. प्रक्षेपणाला थोडाच वेळ राहिला होता. बाई तरंगत कप्तानच्या शेजारी गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"लघवी झालेली नाही, ती."

कप्तानने त्यांच्याकडे असं बघितलं, की जणू त्यांनी त्याच्या खिशात हात घातला होता.

"तुमचं भाषण होऊ द्या," तो म्हणाला. "मग बघू."

"मला पोट दाखवा."

"पाहुण्या, मी सांगतोय..."

"कप्तान, इथे मी पाहुणी नाही. पोट दाखवा."

त्याने दाखवलं. बाईंनी हात ठेवला आणि त्यांच्या तोंडून अगदी दवाखान्यातल्यासारखा सुस्कारा निघाला. मूत्राशय बेंबीपर्यंत टम्म फुगलं होतं. प्रकार सरळ होता. वजनच नसलं की मूत्राशय भरल्याची जाणीव वेळेवर होत नाही, आणि त्यात ते इंजेक्शन. मळमळ थांबवता थांबवता त्याने खालची वाटही बंद केली होती. आदल्या दिवसापासून हा माणूस कुणालाही न सांगता, दात आवळून सगळं सहन करत होता. बाईंचा हात लागताच तो गुडघे पोटाशी घेऊन वळला आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून इंजिनिअरचं गुणगुणणं थांबलं.

बाईंनी खासगी वाहिनीवरून जमिनीवरच्या डॉक्टरला गाठलं. तो म्हणाला, नळी घालावी लागेल, आत्ताच, थांबण्यात धोका आहे. मग वाहिनीवर नियंत्रण कक्षाचा प्रमुख आला.

"प्रक्षेपण पुढे ढकलता येणार नाही," तो म्हणाला. "यान माथ्यावरून गेलं की गेलं. खाली राष्ट्राध्यक्ष उभे आहेत. काय सांगू मी?"

"तांत्रिक बिघाड सांगा," इंजिनिअर म्हणाला.

"आत्ता पाच मिनिटांपूर्वी दोन्ही देशांच्या लोकांनी चित्र तपासून पाहिलंय, स्वच्छ दिसत होतं. आणि बिघाड म्हटलं तर तुमच्या घरच्यांचा जीव टांगणीला लागेल."

"कप्तान कामात आहे म्हणा."

"असं कुठलं काम, की माणूस राष्ट्राध्यक्षांना भेटत नाही? संध्याकाळपर्यंत सगळ्या जगाला कळेल त्याला काहीतरी झालंय."

कप्तान भिंतीकडे तोंड करून होता. त्याचे कान लाल झाले होते. त्याचं आणखी एक उड्डाण ठरलेलं होतं, हे तिघांनाही माहीत होतं. आणि नसतं ठरलेलं, तरी कुठल्या पुरुषाला ही गोष्ट दोन देशांच्या टीव्हीवर यावी असं वाटेल?

बाई तोपर्यंत पेटी उघडत होत्या. हातमोजे चढवता चढवता त्या म्हणाल्या, "माझ्या नावावर टाका. डॉक्टरबाईंची तब्येत बरी नाही म्हणा, म्हणून भाषण रद्द. माझं भाषण, माझी तब्येत. पुढे कुणी काही विचारणार नाही."

"नाही," कप्तान म्हणाला. "हे चालणार नाही."

"कप्तान, आता हलू नका."

जमिनीवर हे काम बाईंनी शेकडो वेळा केलं होतं. पडद्याआड, नर्स हाताशी, रुग्ण पलंगावर पडलेला. इथे पलंग नव्हता आणि कुणी 'पडू' शकत नव्हतं. कप्तानला पट्ट्यांनी बांधलं. बाईंनी जोर लावला की त्या स्वतःच मागे ढकलल्या जात. पहिला प्रयत्न फसला. मग इंजिनिअरने आपले दोन्ही पाय दांडीत अडकवले, बाईंच्या कमरेला मागून खांदा लावला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. "मी काही बघत नाहीये," तो दोनदा म्हणाला. दुसऱ्या वेळेला नळी गेली. पिशवी भरायला लागली.

कप्तानचा जीव भांड्यात पडला. तो रडत होता. अश्रू गालावर उतरत नव्हते, डोळ्यांपाशीच गोळा होत होते. बाईंनी गॉजने ते टिपून घेतले, कारण तेही त्यांच्याच कामात मोडत होतं. बाहेर खिडकीत त्यांचा देश सरकत गेला. कुणीच तिकडे बघितलं नाही.

खाली क्रीडांगण भरलं होतं. नवरा, अण्णा आणि चिऊ पहिल्या रांगेत होती. अण्णांनी नवीन कोट शिवला होता. पडदा बराच वेळ निळा राहिला आणि मग कर्ण्यावर आवाज आला: अंतराळवीर डॉक्टर यांची प्रकृती ठीक नसल्यामुळे आजचं भाषण होऊ शकत नाही. राष्ट्राध्यक्ष माइकपाशी गेले, परत आले. क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग मागून कुणीतरी ओकल्याचा आवाज काढला आणि लोक हसले. वाईट मनाने नव्हे. इतका वेळ ताटकळल्यावर माणसं कशालाही हसतात. पण हसले.

अण्णा उठले आणि बाहेर चालायला लागले.

दोन दिवसांनी एक छोटं प्रक्षेपण झालं. राष्ट्राध्यक्ष परदेशी गेले होते, एक उपमंत्री बोलले. बाई अगदी ताज्यातवान्या दिसल्या आणि तेच अंगाशी आलं. लोक म्हणाले, बघा, काही झालं नव्हतं, नुसती ओकारी आली होती. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आलं: बाईंच्या डोक्याला शिरस्त्राणाऐवजी बादली. एका पुढाऱ्याने विचारलं, वैमानिक मेले होते काय? 'डॉक्टरलाच औषध हवं' ही ओळ तर इतकी पसरली, की दुकानात आलेले लोक चष्मा लावून बघताना ती सहज बोलून जात आणि मग समोर कोण उभं आहे ते आठवून गप्प होत. चिऊने शाळेत एका मुलीच्या डोक्यावर पाण्याची बाटली ओतली आणि घरी येऊन सांगितलंही नाही. बाईंना हे सगळं परत आल्यावरच कळलं.

स्वागत झालं. हार, फोटो, मोटारींची रांग. सगळं यथासांग, पण उन्हाळ्यातल्या नळासारखं बारीक धारेचं. पत्रकार परिषदेत तिसराच प्रश्न आला, "त्या दिवशी नेमकं काय झालं होतं?"

"तब्येत बरी नव्हती," बाई म्हणाल्या.

"म्हणजे काय होत होतं?"

"तब्येत बरी नव्हती."

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात अण्णांनी त्यांना खिडकीपाशी गाठलं. म्हातारा खचला होता. बसस्टँडवर जायचं त्यांनी बंद केलं होतं.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा ना, अण्णा."

"तू घाबरलीस का गं? घाबरली असशील तर सांग. मी पण घाटात घाबरलोय. त्यात काही नाही."

बाईंना वाटलं सांगून टाकावं. हा म्हातारा कुणाला सांगणार? पण त्या ओळखून होत्या, अण्णा सांगतील. त्याच संध्याकाळी, बसस्टँडवर, कोट घालून. आणि नसते सांगणारे अण्णा, तरी ती गोष्ट त्यांची स्वतःची नव्हतीच. ती ज्याची होती त्याने सांगायची.

"घाबरले नव्हते, अण्णा."

"मग?"

"मग काही नाही."

अण्णांनी मान डोलावली. त्यांना ते पटलेलं नाही हे बाईंना दिसलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि उगाच भांडी पुन्हा धुवायला लागल्या. वर असताना अर्ध्या मिनिटात त्या बोलून गेल्या होत्या, 'माझ्या नावावर टाका.' तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर फक्त रुग्ण होता. त्या नावाला अण्णा लटकलेले आहेत, चिऊ लटकलेली आहे, हे सुचलंच नव्हतं. सुचलं असतं तर? भांडी धुताना त्यांनी हा प्रश्न बऱ्याचदा स्वतःला विचारला. उत्तर दर वेळी तेच यायचं, पण ते सोपं होत जात नव्हतं.

नवऱ्याने महिनाभर काहीच विचारलं नाही. मग एका सुट्टीच्या दिवशी दुकानात भिंगं पुसताना तो म्हणाला, "एक प्रश्न आहे. हो किंवा नाही म्हण."

"बोल."

"ते पेशंटचं आहे का?"

लग्नाच्या पहिल्या वर्षापासून घरात हा शब्द होता. बाई ड्यूटीवरून तोंड पाडून यायच्या, तो विचारायचा काय झालं, त्या म्हणायच्या 'पेशंटचं आहे', आणि विषय तिथे संपायचा. आता बाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

"बरं," नवरा म्हणाला. त्याने भिंग उजेडात धरून बघितलं. यानात तिघंच होती हे त्यालाही मोजता येत होतं. "चहा घेतेस?"

वर्षभराने सरकारला जाग आली आणि कप्तान व इंजिनिअर यांना मानचिन्ह द्यायला बोलावलं गेलं. नाट्यगृहात समारंभ होता. आधी कप्तानने बाईंना रंगमंचामागच्या खोलीत गाठलं. आरशाभोवती दिवे असलेली खोली होती, खुर्च्या कमी आणि पुष्पगुच्छ जास्त. कप्तान उभाच राहिला.

"मला इथे आल्यावर कळलं," तो म्हणाला. "हॉटेलात वाढपी मला मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला, तुमच्या यानात आमच्या बाईंनी घाण केली म्हणे. हसत म्हणाला. तुम्ही मला का नाही कळवलं?"

"कळवून काय झालं असतं?"

"मी आज सांगतो. स्टेजवर. सगळं."

"तब्येत कशी आहे?" बाईंनी विचारलं. "तपासून घेतलंत ना नीट?"

"घेतलं. काही दोष नाही. इंजेक्शनचाच प्रताप होता."

"आणि पुढचं उड्डाण?"

"वसंतात."

"मग गप्प बसा."

"तुम्ही मला गप्प बसवू नका," कप्तान चिडून म्हणाला. मग त्याचा आवाज खाली आला. "मला झोप लागत नाहीये त्या वाढप्यापासून."

बाईंनी एक खुर्ची मोकळी केली आणि त्याला बसवलं. "ऐका. सांगायचं असेल तर तुम्हाला सांगावंसं वाटतं म्हणून सांगा. गोष्ट तुमची आहे. पण माझ्यावर उपकार म्हणून नको. मी काही फेड मागितलेली नाही. आणि त्या दिवशी जे केलं ते तुमच्यासाठी खास केलं नव्हतं. कुणीही असतं तरी केलं असतं. तुम्ही तर मला पाहुण्या म्हणत होतात."

कप्तान पहिल्यांदाच हसला. वर्षभरात किंवा आयुष्यात, बाईंना सांगता आलं नसतं.

स्टेजवर त्याने मानचिन्ह घेतलं, खिशातून लिहिलेलं भाषण काढलं आणि पुन्हा खिशात ठेवलं. दुभाषी शेजारी उभा होता. कप्तान पहिल्या रांगेकडे, अण्णांकडे बघून बोलायला लागला.

"तुमच्या डॉक्टरबाईंचं भाषण ज्या दिवशी झालं नाही, त्या दिवशी त्या आजारी नव्हत्या. त्या कामात होत्या. ते काम त्यांनी केलं नसतं तर आम्हाला मोहीम सोडून परत यावं लागलं असतं, आणि कदाचित मी आज इथे नसतो. काय काम ते मी सांगणार नाही, कारण मी भित्रा आहे. त्या सांगणार नाहीत, कारण त्या डॉक्टर आहेत. बस एवढंच."

आणि तो खाली बसला. दुभाष्याने शेवटचं वाक्य जरा अडखळत सांगितलं. सभागृहात आधी कुजबुज झाली, मग टाळ्या. इंजिनिअर उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि त्याचे डोळे, का कोण जाणे, घट्ट मिटलेले होते.

आता 'डॉक्टर' या शब्दावरून लोकांना कळायला हवं होतं, असं बाईंना वाटत होतं. पण लोकांना साधी गोष्ट नको असते. दुसऱ्या दिवसापासून नवीनच सुरू झालं. बाईंनी म्हणे गळणारी टाकी हाताने दाबून धरली होती. बाईंनी म्हणे यानाला लागलेली आग विझवली, आणि मोठ्या देशाची नाचक्की नको म्हणून दोन्ही सरकारांनी ते दाबून टाकलं. बादलीचं चित्र काढणाऱ्यानेच आता बाईंना एका हातात यान उचललेलं दाखवलं. पूर्वीची गोष्ट खोटी होती, ही तिच्याहून खोटी. पण हिच्यात मान होता, आणि बाईंना हीसुद्धा खोडून काढता येत नव्हती.

"बरं वाटतं की नाही?" मेट्रननी विचारलं.

"खरं सांगू? आधीची बरी होती," बाई म्हणाल्या. "मला उलटी खरंच झाली होती. आग कुठे विझवली मी?"

अण्णा मात्र पुन्हा बसस्टँडवर जायला लागले. एका संध्याकाळी परत आले ते खुशीत होते. बाई खिडकीत बसल्या होत्या. अण्णांनी शेजारची खुर्ची झटक्यात पुढे ओढली.

"मी सांगून आलो सगळ्यांना. इंजिन बंद पडलं होतं, आणि माझ्या मुलीने चालू केलं."

"अण्णा, इंजिनाचं काही नव्हतं हो."

"मग काय होतं?"

अण्णांनी त्यांच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं. बसच्या आरशात मागच्या सीटवरचा माणूस ओळखणारे ते डोळे होते.

"काम होतं ना?" त्यांनी विचारलं.

"काम होतं."

"घाबरली नव्हतीस."

"हात थोडे थरथरले पहिल्या वेळी. मग नाही."

"झालं तर मग," अण्णा म्हणाले. त्यांनी कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. "उद्या सांगतो त्यांना, इंजिन नव्हतं म्हणून. काय होतं ते विचारतील, तर म्हणेन तुम्हाला काय करायचंय."

रस्त्यावर दिवे लागत होते. समोरच्या इमारतीत कुणीतरी गच्चीवरचे कपडे काढत होतं. बाईंच्या लक्षात आलं, की परत आल्यापासून या घरात कुणी त्यांना तिकडचं काहीच विचारलेलं नाही. ठणकणाऱ्या दाढेला टाळून जीभ फिरावी तसे सगळे त्या विषयाच्या आजूबाजूने जात होते. इतक्या लांब जाऊन आलेल्या बाईने एवढ्या दिवसांत घरी काही सांगितलं नव्हतं, आणि ते मनात तसंच पडून होतं, न उघडलेल्या बॅगेसारखं.

"बरं, मला एक सांग," अण्णा खुर्चीत रेलून म्हणाले. "इतक्या वरून रस्ते दिसतात का?"

"दिवसा नाही दिसत, अण्णा. डोंगर दिसतात, नद्या दिसतात. डोंगर म्हणजे चुरगाळलेल्या चादरीसारखे. पण खाली अंधार पडला ना, की दिसतात. दिव्यांमुळे. बारीक, सोनेरी, एका गावातून दुसऱ्या गावात गेलेले."

"घाट पण?"

"घाट पण. वळणासकट."

"हॅ!" अण्णा म्हणाले आणि पुढे झुकले. आतून नवरा आणि चिऊ येऊन दारात उभी राहिली होती. चिऊने विचारलं, "आई, आणि झोपायचं कसं?" मग नवऱ्याने विचारलं, चष्मा लावणाऱ्याने तिकडे काय करायचं. बाई सांगत गेल्या. बोलता बोलता त्यांनी हात उचलून हवेत एक नसलेली पेन्सिल सोडून दाखवली, आणि तिघांनीही नकळत तिच्याकडे बघितलं.